लाव म्हणायचा हक्क

माझ्या ऑफिसची पायरी चढणारा प्रत्येक माणूस खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारतो, "वकीलसाहेब, काही जमते का?" मी वकील नाही, कर सल्लागार आहे. पण हिंगणघाटात काळा कोट न घालताही माणूस वकील होतो, त्याला इलाज नाही. आणि "जमते का" म्हणजे काय, तर सरकारला द्यायचं ते बुडवता येतं का. डोक्यात तिडीक जाते माझ्या. कारंजा चौकात भजी खाताना कुणी भाव करत नाही, आणि कर भरायचं नाव काढलं की यांच्या पोटात दुखतं! हा प्रश्न मला कधीच न विचारलेलं एकच गिऱ्हाईक माझ्याकडे आहे, मनकर्णाबाई कामडी. त्यांचीच गोष्ट सांगतो. मध्ये मध्ये भडकलो तर समजून घ्या, मी असाच आहे.

कापसातून सरकी काढणाऱ्या मशीनला एक जाडजूड रोलर लागतो. लोखंडी दांड्यावर चामड्याच्या चकत्या ओवायच्या, दाबून घट्ट बसवायच्या आणि लेथवर फिरवून साफ करायच्या. ऐकायला सोपं आहे. पण चकत्या जराशा सैल बसल्या की रोलर तापतो, रुई करपते आणि जिनिंगवाला आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मनकर्णाबाईंचे यजमान पुंडलिकराव हा धंदा मांडून अर्ध्यावरच गेले. मुलगा प्रफुल तेव्हा शाळेत होता. सोयऱ्याधायऱ्यांनी सांगितलं, बाई, लेथ विकून टाका, शेड भाड्यानं द्या. मनकर्णाबाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात लाकडी स्टूल टाकून बसल्या.

तेव्हापासून त्या शेडचा एक रिवाज पडला. दाबून तयार झालेला रोलर लेथवरचा जुना माणूस, तानबा, त्यांच्यापुढे उभा धरायचा. बाई बोटाचं पेर वाकवून त्यावर टकटक करायच्या आणि मान तिरपी करून ऐकायच्या. आवाज पोकळ वाटला तर म्हणायच्या, "खोल." बरोबर वाटला तर, "लाव." तो 'लाव' कानावर पडल्याशिवाय लेथचं बटण कुणी दाबायचं नाही. आणि नुसत्या रोलरचंच नाही. कुणाचा माल आधी काढायचा, कुणाला उधार द्यायचं, कोणता कारागीर ठेवायचा, सगळ्याला शेवटी बाईंचा 'लाव' लागायचा. आमच्या गल्लीत पोट्टे गमतीनं एकमेकांना विचारायचे, "काऊन बे, तुह्या लग्नाचं जमलं का? मनकर्णाबाईनं लाव म्हनलं का?"

प्रफुल मोठा झाला, धंद्यात मुरला. त्याच्या लक्षात आलं की आपला बराचसा माल आफ्रिकेत, टांझानियाला जातो. तिथंही कापूस पिकतो, तिथल्या जिनिंगमध्येही आपल्याकडच्याच मशिनी. पण बोटीनं रोलर पोहोचेपर्यंत तिथला हंगाम अर्धा सरलेला असतो. इकडे मोठ्या कंपन्यांनी भाव पाडून ठेवले. म्हणून त्यानं आणि त्याची बायको रूपालीनं ठरवलं की कारखानाच उचलून म्वांझाला न्यायचा. म्वांझा म्हणजे तिथल्या समुद्राएवढ्या तळ्याच्या काठचं शहर, आजूबाजूला सगळा कापूस. दोघांनी बाईंना विचारलं. बाईंनी आठवडाभर विचार केला, मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "लाव."

आता कारखाना परदेशी नेणं म्हणजे ट्रकमध्ये भांडी टाकून बिऱ्हाड हलवणं नाही. मी प्रफुलला आणि रूपालीला समोर बसवलं. म्हटलं, इथल्या लेथ तिथल्या नव्या फर्मला द्यायच्या तर बाजारभावानंच द्याव्या लागतील. घरातल्या घरात देतो म्हणून वाटेल तो आकडा टाकता येत नाही. त्यात जो फायदा दिसेल त्यावर इथं कर भरायचा. शिल्लक मालाच्या जीएसटीचा हिशेब चुकता करायचा, इथं थांबणाऱ्या कारागिरांचं देणं देऊन टाकायचं, मगच इथली नोंदणी बंद. शिवाय प्रफुल वर्षातले किती दिवस भारतात राहतो तेही सरकार मोजणार. प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला धावत आलास तर तू करापुरता इथलाच राहशील, असं म्हटल्यावर रूपाली म्हणाली, "बरंच झालं नं काका. सोयऱ्यांले सांगाले कारण भेटलं." पोरगी तिखट आहे.

तिकडच्या सरकारनं नव्या कारखान्याला सुरुवातीची काही वर्षं करात सूट देऊ केली होती. तेवढ्या काळात यांचा पाय तिथं रोवला जाणार होता. ती सूट हातात राहिली तर कारखाना उभा राहणार, गेली तर इथला मोडून तिथलाही बुडणार. पोरगा सगळंच घेऊन चालला होता, मागं काही ठेवत नव्हता.

एके दिवशी प्रफुल नव्या भागीदारीच्या कराराचा मसुदा घेऊन आला. बेट्यानं स्वतःच लिहिला होता, माझी फी वाचवायला. मी वाचत गेलो आणि एका कलमापाशी थबकलो. लिहिलं होतं, फर्मचा कोणताही निर्णय मातोश्री मनकर्णाबाई यांच्या होकाराशिवाय होणार नाही.

"हे काय हाय बे?" मी विचारलं.

"आईचा मान हाय काका. आई इथंच राहतो म्हनते. मंग रोज सकाळी व्हिडिओ लावू. तानबा येऊन राह्यला आमच्यासंग, तो रोलर धरन, मी टकटक करन, आई इथून लाव म्हनन. जसं इथं, तसंच तिथं."

छाती फुगली होती त्याची. माझा पारा चढला.

"अबे लेका, हा मान नाई, हा गळ्यातला फास हाय! भागीदारी फर्म कुठली, हे शेड कुठं हाय त्याच्यावरून नाई ठरत. तिचा कारभार कुठून चालते त्याच्यावरून ठरते. कारभार संपूर्ण देशाबाहेर असन तरच फर्म बाहेरची. संपूर्ण! थोडासा जरी इथून चालला तरी फर्म इथली, आन तिथल्या कमाईवर इथं कर. तुह्या आईनं इथं बसून लाव म्हनलं की तुहा म्वांझाचा कारखाना हिंगणघाटले येऊन बसला. तिकडची सूट गेली तेल लावत!"

प्रफुलचा चेहरा खर्रकन उतरला. असली चूक आमच्याकडचाच पोरगा करू शकतो. दुसरे लोक करारात मायबापाचं नाव गाळतात म्हणून भांडणं होतात, यानं प्रेमानं घातलं आणि गोत्यात आला. जरा वेळ तो नखं कुरतडत बसला, मग हळूच म्हणाला, "काका, कलम खोडून टाकू. कागदावर नाई ठेवत. फोन त आपल्या घरचा हाय. मायलेकाचं बोलणं कोन आयकून राह्यलं?"

म्हणजे आलं फिरून तेच, काही जमते का. एरवी मी त्याला पायरीखाली उतरवला असता. पण त्याची अडचण खरी होती आणि असं करणारे मी पाहिलेले आहेत. मी म्हणालो, "चाल, तुह्या आईले विचारू." सवयच तशी पडली होती सगळ्यांना.

बाई स्टुलावर होत्या. आत लेथ चालू होती. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "मंग मी पोराले फोन बी नाई करायचा का?"

"करा नं बाई, पोटभर करा. जेवला का, झोपला का, सर्दी झाली का, सारं विचारा. फक्त धंद्याचं काही ठरवायचं नाई."

"आन लाव म्हननं?"

"ते त बिलकुल नाई."

बाईंचं पेर त्यांच्याच गुडघ्यावर हळूहळू वाजत होतं. प्रफुल त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "आई, तूच चाल नं आमच्यासंग. तू तिथं असली त कारभार बी तिथंच. असं चालते नं काका?"

"एकदम चालते," मी म्हणालो. खरंच चाललं असतं. लाव म्हणणारं माणूसच तिकडे गेलं की कायद्याला बोलायला जागा नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटलो बुवा.

बाईंनी पोराकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वकीलसाहेब, मी तिथं गेलो त हा जिंदगीभर माह्या तोंडाकडं पाहीन. मी मेल्यावर कोनाच्या तोंडाकडं पाहीन?"

"मंग फोनवरच..." प्रफुल पुटपुटला.

"चोरून?" बाईंचा आवाज असा चढला की आत तानबानं लेथ बंद केली. "तुहा बाप गेला तवा सारं गाव म्हने, बाईमानूस धंदा करन त लबाड्याच करन. म्या एक पैसा नाई लपवला. आन आता माहा आवाज लपवू? खोडा ते कलम वकीलसाहेब. आन खोडलं म्हंजे खोडलं. माहं नाव बी काढून टाका भागीदारीतून."

मी आयुष्यभर भागीदाऱ्या मोडताना पाहिल्यात. माणूस भांडून पैसा सोडतो, रागानं जागा सोडतो. पण आपला शब्द चालतोय, चारजण तो झेलायला उभे आहेत, आणि अशा वेळी तो आपण होऊन सोडणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. वाटलं, उठावं आणि या बाईच्या पाया पडावं. पडलो नाही, कारण एक तर गुडघे दुखतात, आणि दुसरं म्हणजे माझी अकड.

निघायच्या आधी सगळे केळझरच्या गणपतीला जाऊन आले. लेथ चढवायला कंटेनर दारात लागला. शेडमधला शेवटचा रोलर तानबानं बाईंपुढे धरला, त्यांनी टकटक केलं आणि म्हणाल्या, "लाव." तो रोलर झाल्यावर त्या स्टुलावरून उठल्या आणि हमालाला म्हणाल्या, "हे स्टूल बी टाक."

"अवं, मंग तू कायवर बसशीन?" प्रफुलनं विचारलं.

"मले आता कायले पाहिजे स्टूल?" बाई म्हणाल्या. कंटेनर नागपूरच्या रस्त्याला लागला तेव्हा त्या रिकाम्या शेडमध्ये झाडू मारत होत्या.

मी जाता येता त्यांच्याकडे चहाला टेकायला लागलो. ओसरीवर आता एक प्लास्टिकची खुर्ची होती. तिथली सकाळ झाली की इकडे ऊन चढलेलं असायचं, आणि प्रफुलचा फोन यायचा. सुरुवातीला पोरगा सवयीनं विचारायचा, "आई, हा जिनिंगवाला उधार मागते. देऊ का?" बाई म्हणायच्या, "जेवला का?" तो विचारायचा, "आई, हा कारागीर जरा तोंडाळ हाय. ठेवू का?" बाई म्हणायच्या, "रूपालीचा खोकला बरा झाला का?" मला हसू आवरायचं नाही. पण फोन ठेवल्यावर बाई ज्या तऱ्हेनं ओठ दाबून बसायच्या, ते पाहिलं की हसू जिथल्या तिथं विरायचं.

तिथला हंगाम सुरू झाला. आपल्याकडे त्या वेळी पेरण्या चालू होत्या. त्या दिवशी मी ओसरीवरच होतो. प्रफुल घाईत होता, पहिलं मोठं गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्यानं फोनपुढे रोलर धरला आणि म्हणाला, "आई, काही बोलू नको. फक्त आयक." आणि टकटक केलं.

मला काय कळणार? मला सगळे रोलर सारखेच वाजतात. पण बाईंची मान तिरपी झाली, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला.

"आई?"

"भाजी काय केली आज?" बाईंनी विचारलं.

पलीकडून "वांगे" एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

"पोकळ हाय," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तो रोलर पोकळ हाय वकीलसाहेब. तळ्याकाठची हवा हाय तिथं, चकत्या ओल धरत असन. रातभर दाबून ठेवाले पाहिजे त्याले. आयकू आलं मले."

"मंग सांगा नं बाई!" मी ओरडलोच. "लावा फोन! एका शब्दानं काय आभाळ कोसळते? कोन येऊन राह्यलं पाहाले?" होय, मीच म्हणालो हे. त्या पोराला फाडून खाणारा मीच.

"तुमीच सांगतलं नं, संपूर्ण म्हंजे संपूर्ण."

"ते मी मागं घेतो!"

"कायदा का तुमच्या घरचा हाय, मागं घ्याले?"

असं म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून धार लागली. फोनकडे हात जाऊ नये म्हणून त्यांनी तो उचलून आत तांदळाच्या डब्यात टाकला आणि वर झाकण दाबलं. "जिवाचं पानी होऊन राह्यलं माह्या," त्या म्हणाल्या, आणि मला चहाही न विचारता स्वयंपाकघरात निघून गेल्या.

गिऱ्हाईकानं ते सगळे रोलर परत पाठवले. पंधरवडाभरात प्रफुलचा फोन आला. बाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, एकटीनं ऐकायची हिंमत नव्हती म्हणाल्या. पोरगा जेवणाखाण्याचं काही बोललाच नाही.

"आई, खरं सांग. तुले आयकू आलं होतं नं?"

"आलं होतं."

"मंग काऊन नाई बोलली? चार लोकांत इज्जत काढली त्यानं माही. सारा माल परत टाकला. फक्त कराच्या पायी तू पोराले खड्ड्यात पडू देल्लं?"

बाईंनी डोळे मिटले. "कराच्याच पायी असतं त मी इथं कर भरला असता रे बापू, आन बोललो असतो. कर का मी कधी बुडवला? पन आज सांगतलं असतं त उद्या बी फोन धरून उभा राह्यला असता. परवा बी. आन एक दिवस इथं फोन उचलाले कोनी नसतं."

प्रफुलनं फोन ठेवला. मी काही बोलायला गेलो तर बाईंनी हातानंच थांबवलं.

त्यानंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. रूपाली बोलायची, पण तुटक. बाईंचं जेवण निम्म्यावर आलं. मी माझ्यावरच चिडत होतो. कुठून तो कायदा या घरात नेला, असं वाटायचं. पण बाईंनी स्वतःहून एकदाही प्रफुलला फोन लावला नाही. "लावला त माफीच मागीन," त्या म्हणाल्या, "आन माफी मागितली त पुढं सांगाले बी लागीन." काय काळीज असेल या बाईचं! मला तर दाढदुखी घरात लपवता येत नाही.

मग एका सकाळी मी पेपर वाचत त्यांच्या ओसरीवर बसलो असताना फोन वाजला. रूपाली होती. तिनं बाईंच्या तब्येतीची चौकशी केली, आपल्या खोकल्याचं सांगितलं, आणि म्हणाली, "आई, हे शेडमध्ये हायेत. थांबा, नेतो मी तुमाले." चालता चालता ती कुजबुजली, "त्यायले सांगत नाई मी फोन चालू हाय म्हनून," आणि तिनं फोन कुठंतरी ठेवला. आम्हाला दिसत होतं फक्त टिनाचं छत. पण ठेवता ठेवता खालचं जुनं लाकूड क्षणभर दिसून गेलं होतं. बाईंनी ते ओळखलं. त्यांच्या स्टुलावरच ठेवला होता.

टकटक.

"खोल," प्रफुलचा आवाज आला.

"भाऊ, गिऱ्हाईक खोळंबलं हाय बाहेर," तानबा कुरकुरला.

"खोळंबू दे. त्याले सांग, उद्या ये म्हना. रातभर दाबून ठेव याले. दुसरा धर."

टकटक. मग काहीच नाही. बाईंची मान तिरपी झाली होती. पेर खुर्चीच्या हातावर टेकलेलं होतं, पण वाजत नव्हतं. मी पेपर खाली ठेवला. पोरगा तिकडे पुन्हा एकदा टकटक करून ऐकत होता. कुणालाच विचारत नव्हता.

"लाव," प्रफुल म्हणाला.

आणि लेथ सुरू झाली.

बाईंनी पदर तोंडावर दाबला. पलीकडे जाऊ नये म्हणून फोनवर तळहात घट्ट धरला आणि माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "बरोबर होता. दोन्ही खेपेला बरोबर होता." डोळे वाहत होते आणि चेहरा असा फुलला होता की मला इतक्या वर्षांत प्रथमच कळलं, पुंडलिकरावांनी या बाईत काय पाहिलं असेल.

मग एकाएकी त्या दचकल्या, आणि अगदी घाबऱ्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "वकीलसाहेब, आयकलं त चालते नं? नुसतं आयकन्यावर त कर नाई?"

"नाई बाई," मी म्हणालो. "आयका तुमी. पोटभर आयका."

त्यांनी फोनवरचा हात काढला नाही. दुसऱ्या हातानं आवाज मोठा केला, आणि आम्ही दोघं लेथ ऐकत बसलो.